साहेबांना सांगणार कोण?

पराभवाची कारणं शोधायला पक्ष समिती नेमतो. समितीत कोण असतं? ज्यांना कारणं आधीपासून ठाऊक होती आणि ज्यांनी ती तेव्हा सांगितली नव्हती, ते. समिती राज्याराज्यांत फिरते, सर्किट हाउसात उतरते, पोहे खाते आणि कार्यकर्त्यांशी मनमोकळी चर्चा करते. कार्यकर्ता बिचारा खरंच मन मोकळं करतो. तिकीट चुकीच्या माणसाला गेलं म्हणतो. ज्यांनी ते दिलं, ते समोर बसून लिहून घेत असतात. मग अहवाल तयार होतो, श्रेष्ठींना सादर होतो, श्रेष्ठी तो स्वीकारतात. स्वीकारलेल्या अहवालाचं पुढे काय झालं असं कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याचं नाव पुढच्या समितीत नसतं.

या शास्त्रातले आपल्याकडचे भीष्माचार्य म्हणजे ए. के. अँटनी. 1999 साली काँग्रेस 114 जागांवर आली, तेव्हा अँटनी समिती. 2014 साली 44 वर आली, तेव्हाही अँटनी समिती. 44 म्हणजे विरोधी पक्षनेतेपदाला लागणाऱ्या 55 लाही अकरा कमी. अँटनींनी सगळीकडे विचारपूस केली आणि नेतृत्वाचा काही दोष नाही असा निर्वाळा दिला. अहवाल बाहेर आला नाही. आतही कुणी वाचला असेल, असं पुढच्या निवडणुकीवरून वाटत नाही. 2019 ला 52.

काँग्रेसला हसणाऱ्यांनी जरा दम धरावा. सगळ्यांचा नंबर येणार आहे.

निवडणूक हरली की वर्तमानपत्रांत नेतृत्वगुणांची यादी छापून येते. दूरदृष्टी, संघटनकौशल्य, जनसंपर्क, निर्णयक्षमता वगैरे. निकालाच्या आदल्या आठवड्यापर्यंत हेच गुण त्याच नेत्याच्या अंगी ओतप्रोत भरलेले असतात, तेही त्याच वर्तमानपत्रात. मला यादीबाहेरची एकच गोष्ट तपासावीशी वाटते. या नेत्याला वाईट बातमी सांगायला कुणी धजावतं का, आणि सांगितल्यानंतर त्या माणसाला पुढच्या बैठकीचं बोलावणं जातं का?

स. का. पाटील घ्या. मुंबईचे अनभिषिक्त राजे. ही पदवी त्यांना लोकांनी दिली की त्यांच्याच लोकांनी, हा वादाचा मुद्दा, पण शहर काँग्रेस त्यांच्या मुठीत होती आणि दिल्लीत ते रेल्वेमंत्री होते. 1967 ला दक्षिण मुंबईत त्यांच्यासमोर उभा राहिला कामगारांचा पुढारी, जॉर्ज फर्नांडिस. पुढचा किस्सा जॉर्ज रंगवून सांगत, तेव्हा त्यातला मीठमसाला त्यांचाच धरावा. एका पत्रकाराने पाटलांना विचारलं, तुम्ही हरू शकता का? पाटील म्हणाले, मला देवसुद्धा हरवू शकणार नाही. लगेच शहरभर पोस्टरं लागली: देव हरवू शकत नाही, पण तुम्ही हरवू शकता. आणि पाटील पडले.

राजाने असं बोलावं यात नवल नाही, राजे बोलतातच. नवल आहे ते दरबाराचं. इतकी माणसं रोज सकाळी बंगल्यावर हजेरी लावत होती. त्यांतल्या एकालाही ते वाक्य ऐकून दचकायला झालं नाही? की दचकून सगळ्यांनी ‘वा, साहेब’ म्हटलं? पुढे 1969 मध्ये पाटील पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत परतले, ते गुजरातेतल्या बनासकांठ्यातून. मुंबईच्या राजाला मुंबईत काही परतता आलं नाही.

त्याच 1967 मध्ये खुद्द काँग्रेसचे अध्यक्ष कामराज, ज्यांनी दोन पंतप्रधान घडवले, आपल्या घरच्या विरुधुनगरमध्ये विधानसभेला पडले. एका विद्यार्थी नेत्याने त्यांना 1,285 मतांनी पाडलं. कामराज तर पायाला माती लागलेला माणूस. त्यांनाही आपल्या गल्लीतली हवा कळली नाही, तर हेलिकॉप्टरवाल्यांचं काय घेऊन बसलात!

पण या विषयातला खरा महाग धडा 1977 चा. आणीबाणी लावून इंदिराबाईंनी वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसवला. सेन्सॉर बसला की वाचकाला खरी बातमी मिळत नाही हे सगळ्यांनाच कळतं. पंतप्रधानही त्याच वाचकांत मोडतात, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. सक्तीच्या नसबंदीने उत्तर भारतातली गावंच्या गावं पोलिसांची गाडी दिसली की शेतात पळत होती आणि दिल्लीत शांतता, शिस्त, वेळेवर धावणाऱ्या गाड्या. इंदिराबाईंचे खासगी सचिव आर. के. धवन यांनी पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं की गुप्तचर खात्याचा अंदाज 340 जागांचा होता. मिळाल्या 154. उत्तर प्रदेशातल्या 85 पैकी एक नाही, बिहारमधल्या 54 पैकी एक नाही. रायबरेलीत त्या स्वतः राजनारायण यांच्याकडून 55,202 मतांनी हरल्या, शेजारच्या अमेठीत संजय हरले. गुप्तचर खात्याचं चुकलं म्हणावं, तर त्या दिवसांत खरं सांगणाऱ्या माणसाची जागा तुरुंगात होती. खात्यातली माणसंही घरसंसार असलेलीच असतात.

पुढचं मात्र शिकण्यासारखं आहे. पराभवानंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट 1977 मध्ये, बिहारमधल्या बेलछी या गावी त्या निघाल्या. तिथे दलितांना जिवंत जाळलं होतं. पावसाने रस्ता गेलेला, जीप चिखलात रुतली, ट्रॅक्टरही हरला, शेवटी हत्ती आणला आणि त्यावर बसून बाई पाणी ओलांडून गावात पोचल्या. सत्तेवर होता जनता पक्ष. त्याच्या मंत्र्यांना मंत्रालयांच्या आणि मानापमानाच्या भांडणांतून सवड नव्हती. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत विमानातून जो देश दिसला नव्हता, तो हत्तीवरून दिसला. 1980 ला 353 जागा घेऊन त्या परत आल्या.

आता इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. मी एकच हात पुढे करतो. बाईंनी मतदाराचं ऐकायला सुरुवात केली हे खरं, घरातलं कुणी ऐकवायला लागलं का? 1980 ची तिकिटं वाटताना संजयची मंडळी होतीच की तिथे. जनतेचा आवाज पोचला, दरबाराची रचना जशीच्या तशी राहिली. ही पद्धत काँग्रेसने नंतर फार निष्ठेने सांभाळली.

भाजपच्या घरात 1984 चा एक चांगला नमुना आहे, तो आजच्या भाजपवाल्यांनी मुद्दाम काढून बघावा. पक्षाला दोन जागा. अध्यक्ष अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांकडून आपटले. सहानुभूतीची लाट होती, इंदिराबाईंची हत्या झालेली, ‘लाटेपुढे कोण टिकतं’ म्हणून हात झटकता आले असते. त्याऐवजी कृष्णलाल शर्मा यांच्या नेतृत्वाखाली एक कार्यगट नेमला गेला आणि त्याच्यासमोर मुळावरचेच प्रश्न ठेवले गेले: जनसंघ जनता पक्षात विसर्जित केला ही चूक होती का? त्यातून बाहेर पडलो हे बरोबर होतं का? जनसंघच पुन्हा उभा करावा का? म्हणजे अध्यक्षांनी ज्या वाटेवर पक्ष आणला, ती वाटच पंचनाम्याला घातली. दीड-दोन वर्षांत अध्यक्षही बदलले, अडवाणी आले. पुढे पक्ष कोणत्या रस्त्याला लागला त्याबद्दल माझं मत वेगळं असू शकतं, पण हा तपास खरा होता.

त्या दोन जागांतली एक हनमकोंड्याची. तिथे पडलेले उमेदवार होते पी. व्ही. नरसिंह राव. पण राव हुशार. त्यांनी आपल्या नागपूरजवळच्या रामटेकमधूनही अर्ज भरला होता आणि तिथून ते आरामात निवडून आले. देशाचा एक भावी पंतप्रधान रामटेककरांनी असा वाचवला. नेत्याने दोन ठिकाणी अर्ज भरला की खुशाल समजावं, साहेबांना कुणीतरी सांगितलंय. आता फक्त जाहीर सभेत कार्यकर्त्यांना सांगायचं राहिलंय.

वाजपेयींच्याच 2004 वर येऊ. डिसेंबर 2003 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड जिंकले आणि लोकसभा मुदतीच्या कितीतरी आधीच बरखास्त केली. ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती इतक्या चकचकीत होत्या की त्यांत बघणाऱ्याला आपलाच चेहरा दिसावा, आणि बघणारे बहुतेक दिल्लीतलेच. प्रचाराची सूत्रं आपल्या प्रमोद महाजनांकडे होती. मोबाइलवर वाजपेयींचा आवाज येत होता, चॅनेलांचे अंदाज आघाडी दाखवत होते. शेजारी आंध्रात चंद्राबाबू नायडूंकडे तर संगणकावर अख्खं राज्य होतं, कोणत्या तालुक्यात किती पाऊस पडला ते बटणावर कळत होतं. शेतकऱ्याच्या घरात काय चाललंय त्याला बटण नव्हतं. वाय. एस. राजशेखर रेड्डी उन्हातान्हात पायी फिरून ते ऐकून आले होते. विधानसभेत 294 पैकी चंद्राबाबूंच्या पक्षाला 47, आणि दोन दिवसांनी दिल्लीत काँग्रेस 145, भाजप 138.

वाजपेयींनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. नंतर मनालीला विश्रांतीला गेले असताना पराभवाचं एक कारण त्यांनी उघडपणे सांगूनही टाकलं: गुजरातच्या दंगलींचा परिणाम झाला. पक्षात गदारोळ उठला. मुंबईत कार्यकारिणी भरली आणि विषय संपला असं जाहीर झालं. इथे उलटंच झालं की! साहेबांनी पक्षाला वाईट बातमी सांगितली आणि पक्षाने ऐकून घेतली नाही.

2009 मध्ये भाजप पुन्हा हरला, 116 वर आला. तेव्हा कारण काय सापडलं? मतदान यंत्र. पक्षाच्या जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी या यंत्रांवर संशय घेणारं अख्खं पुस्तकच लिहिलं आणि त्याला प्रस्तावना अडवाणींची. हे पुस्तक आज काँग्रेसवाले वाचतात. यंत्रावरचा संशय हा वडिलोपार्जित वाड्यासारखा आहे: राहायला कायम हरलेला पक्ष, जिंकला की सामान बाहेर काढून किल्ली पुढच्याच्या हातात.

आता 2019. अमेठीत स्मृती इराणींनी राहुल गांधींना 55,120 मतांनी हरवलं. वर रायबरेलीचा आकडा दिलाय, तो पुन्हा बघा. आजीचा आणि नातवाचा पराभव, शेजारशेजारचे मतदारसंघ, बेचाळीस वर्षांचं अंतर आणि फरक फक्त 82 मतांचा. घराण्याची परंपरा म्हणतात ती हीच असावी. राहुल वायनाडमधूनही उभे होते, म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं.

त्यांनी राजीनामा दिला, आणि खरोखर दिला. आपल्याकडे राजीनामा द्यायचा नसतो, देऊ करायचा असतो. मग कार्यकर्ते बंगल्यासमोर झोपतात, ज्येष्ठ नेते गहिवरतात, ‘पक्षहितासाठी’ तो मागे घेतला जातो आणि सगळे चहा पितात. राहुलनी हा कार्यक्रम होऊ दिला नाही. जुलैमध्ये चार पानी पत्र लिहून जबाबदारी घेतली आणि ती इतरांनीही घ्यावी असं सुचवलं. इतरांनी पत्राचं फार कौतुक केलं. मग अध्यक्ष कोण? ऑगस्टमध्ये सोनियाजी, हंगामी. हा हंगाम तीन वर्षांहून जास्त चालला. 2020 मध्ये 23 नेत्यांनी पत्र लिहून पूर्णवेळ, डोळ्यांना दिसेल असं नेतृत्व द्या म्हटलं, तर पत्रातल्या मजकुरापेक्षा ते फुटलं कसं यावर जास्त खल झाला. 2022 च्या उदयपूरच्या चिंतन शिबिरात निम्मी पदं पन्नाशीच्या आतल्यांना द्यायचं ठरलं आणि त्याच वर्षी ऐंशी वर्षांचे मल्लिकार्जुन खर्गे अध्यक्ष झाले. खर्गे अनुभवी आहेत, कष्टाळू आहेत, माझी काही तक्रार नाही. फक्त हिशेब घालून बघितला.

माझ्या मते राहुलनी पद सोडलं, निर्णय सोडले नाहीत, आणि हे पद धरून ठेवण्यापेक्षा वाईट. पदावर असलेल्या माणसाला निदान जाब विचारता येतो. मात्र कन्याकुमारी ते श्रीनगर चालण्याचं श्रेय द्यायलाच हवं. देगलूरला यात्रा महाराष्ट्रात शिरली तेव्हा रस्त्यात भेटलेला सोयाबीनवाला त्यांना जे सांगत होता, ते सांगायला त्याला कुणाची अपॉइंटमेंट लागली नव्हती. 2024 ला 99 जागा आल्या. त्या आनंदात पक्ष असा नाचला की 99 म्हणजे पराभवच असतो हे सांगायची कुणाची छाती झाली नाही.

पलीकडच्या अंगणात तेव्हा दुखवट्याचं वातावरण, आणि तिथे सरकार येत होतं! 303 वरून 240. ‘चारशे पार’ ही घोषणा विरोधकांची झोप उडवायला होती, पण तिने आपल्याच कार्यकर्त्याला झोप लागली. एक्झिट पोल आले, शेअर बाजार उसळला, आणि 4 जूनला सेन्सेक्स चार हजारांहून जास्त अंकांनी आपटला. वाराणसीत पंतप्रधानांचं मताधिक्य पावणेपाच लाखांवरून दीड लाखावर आलं, आणि अयोध्या ज्या फैजाबाद मतदारसंघात येते, तिथे पक्ष पडला. ऐन निवडणुकीत पक्षाध्यक्ष नड्डा एका मुलाखतीत म्हणाले होते की पूर्वी आम्हाला संघाची गरज लागायची, आता पक्ष सक्षम झालाय, स्वतःच चालतो. निकालानंतर आठवड्याच्या आत, 10 जूनला, नागपुरात सरसंघचालकांनी खऱ्या सेवकाला अहंकार नसतो असं सांगितलं. नाव घेतलं नाही. त्यामुळे दिल्लीत प्रत्येकाला ते दुसऱ्याबद्दल आहे असं वाटायची सोय झाली.

ब्रिटनचं उदाहरण द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. ऋषी सुनक 121 जागांवर आले आणि दुसऱ्या सकाळी दारासमोर उभं राहून माफी मागून, जबाबदारी घेऊन मोकळे झाले. छान दिसतं. पण त्या पक्षाने चौदा वर्षांत पाच पंतप्रधान वापरले, आणि इतके चेहरे बदलून शेवटी हेच. तिथे राजीनामा हा शिष्टाचार आहे, आपण त्याला चारित्र्य समजतो.

महाराष्ट्रात भाजपला लोकसभेला 23 च्या जागी 9 मिळाल्या. 5 जूनला देवेंद्र फडणवीस म्हणाले, जबाबदारी माझी, मला सरकारमधून मोकळं करा, पक्षाचं काम करतो. ही 1963 च्या कामराज योजनेची एकट्यापुरती आवृत्ती. त्या वेळी सहा मुख्यमंत्री आणि सहा केंद्रीय मंत्री खरोखर बाहेर पडले होते, स. का. पाटीलही त्यांत होते. फडणवीसांना दिल्लीने मोकळं केलं नाही, आणि डिसेंबरात तर ते मुख्यमंत्री झाले.

कारणं शोधताना सुरुवातीला ‘फेक नॅरेटिव्ह’ सापडलं. पण दिंडोरीचं बघा. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन बाहेर पाठवायची परवानगी, नाशिकचा लाल कांदा चाळीत पडून. 4 मे रोजी बंदी उठली, तीही चाळीस टक्के शुल्काचं वेसण घालून, आणि मतदान 20 मे रोजी. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवारांना भास्कर भगरे या शिक्षकाने हरवलं. यात नॅरेटिव्ह कुठलं आणि फेक काय? तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी कांद्याने रडवलं हे कबूल केलं, पण जूनमध्ये. मार्चमध्ये हे सांगायला लासलगावच्या बाजार समितीतला कुठलाही हमाल पुरला असता, आणि त्याने समिती न नेमता सांगितलं असतं.

जे ऐकलं नाही ते हरलेल्यांनी मग घाईघाईने ऐकलं. लाडकी बहीण आली, दर महिना 1,500 रुपये आले. लोकसभेला जिंकलेल्या महाविकास आघाडीने तीस खासदारांच्या आनंदात मुख्यमंत्री कोण होणार यावर चर्चा सुरू केली. नोव्हेंबरात विधानसभेला तिचे तीन पक्ष मिळून 46 आमदार. मग कारण काय सापडलं, ते वर पुस्तकाच्या निमित्ताने येऊन गेलंय.

सर्व पक्षांच्या सोयीसाठी एक छोटी जाहिरात तयार करून ठेवली आहे. नाव घालून कुणीही वापरावी, या सदराचा हक्क राखीव नाही.

पाहिजे: साहेबांना वाईट बातमी सांगणारा माणूस. एसटीने फिरण्याची सवय आवश्यक. स्वतःला तिकीट नको असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं. सोशल मीडियाचा अनुभव असल्यास अर्ज करू नये. पगार आगाऊ मिळेल. नोकरीची मुदत: पहिली बातमी सांगेपर्यंत.